पिवळे पान आणि पिवळा दिवा



या सदरात आपण नेहमी पिकाविषयी बोलतो. आज थोडे गाडीविषयी बोलणार आहे. आता बऱ्याच घरांपुढे एखादी जुनी, दुसऱ्या हाताने घेतलेली पेट्रोलची चारचाकी उभी असते. दवाखाना, लग्नकार्य, मुलांची परीक्षा, सगळी कामे तिच्यावरच होतात. पण ट्रॅक्टरची आणि बैलांची दुखणी आपल्याला ओळखता येतात, तशी या गाडीची ओळखता येत नाहीत. मी काही मेकॅनिक नव्हे. पण निदान कसे करावे हे शिकण्यात आणि शिकवण्यात माझी नोकरी गेली. तेवढ्या बळावर हे लिहितो आहे.

मागच्या उन्हाळ्यात लोणी भापकरला एका स्नेह्यांकडे गेलो होतो. बारामतीच्या जिरायती पट्ट्यातले हे गाव. इथली माणसे पाणी मोजून वापरतात. स्नेह्यांचा विहिरीच्या पाण्यावरचा एकरभर ऊस पिवळा पडला होता.

"साहेब, युरिया दोनदा टाकला, तरी पान हिरवं होईना," ते म्हणाले.

मी पाने हातात घेऊन पाहिली. खालची, जुनी पाने हिरवी होती. पिवळी पडली होती ती वरची, कोवळी पाने, आणि त्यांच्याही शिरा हिरव्या होत्या. नत्र कमी पडले असते तर आधी खालचे, जुने पान पिवळे झाले असते. इथे चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडले होते. यालाच आपण केवडा म्हणतो. युरियाने केवडा जात नाही. दोन गोण्या युरिया आणि मजुरी वाया गेली होती.

रानातून घरी आलो. पडवीला लागून पत्र्याचे शेड, त्यात त्यांची २०१३ सालची पेट्रोल गाडी. बसता बसता ते सहज म्हणाले, "हिचाही एक पिवळा दिवा तीन महिने जळतोय. गॅरेजमध्ये साडेचार हजार घातले. एक सेन्सर बदलला, मग दुसरा बदलला. चार दिवस दिवा जातो, परत येतो. शेवटी त्यावर काळी चिकटपट्टी लावली."

मी हसलो. रानात दोनदा युरिया आणि गाडीत दोनदा सेन्सर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, दिव्याचं मला कळत नाही, पण शेडात पेट्रोलचा वास येतो. यांना दहादा सांगितलं. हे म्हणतात, गाडी आहे, वास यायचाच."

मी उठून शेडात गेलो. गाडीच्या मागच्या चाकापासून दोन हातांवर पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. रोज पहाटे त्यात तुराट्या आणि चिपाडे घालून जाळ होत होता. ते पाहून माझे हसू गेले. चहा तसाच ठेवला आणि पहिले काम केले ते गाडी ढकलत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेण्याचे. निदान त्यानंतर.

पेट्रोल म्हणजे डिझेल नव्हे

आपल्याला डिझेलची सवय. ट्रॅक्टरची टाकी भरताना डिझेल सांडले तरी आपण फडक्याने पुसतो आणि कामाला लागतो. डिझेलला सहज पेट घेण्याइतकी वाफ सुटायला साधारण ३५ अंशांच्या वरची उष्णता लागते. पेट्रोलची तशी वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही सुटते. म्हणजे आपल्याकडे कडाक्याच्या थंडीतही पेट्रोल वाफ सोडतच असते, मग वैशाखात विचारायलाच नको.

दुसरी गोष्ट, ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. धुरासारखी ती वर जात नाही. जमिनीलगत पसरते, खोलगट जागी साठते आणि विस्तव शोधत जाते. हवेत शंभर भागांत दीड भाग इतकी वाफ मिसळली तरी ठिणगीने भडका उडू शकतो. शेड तीन बाजूंनी बंद, खाली बंबाचा जाळ आणि कोपऱ्यात गाडी. अशा घरात रोजची पहाट सुखरूप जात होती ती केवळ दैवयोगाने.

वाफेची वाट

टाकीतली वाफ मोकळी सोडू नये म्हणून गाडीत एक व्यवस्था असते. ती समजली की पुढचे सगळे सोपे जाते.

टाकीतून एक नळी निघते आणि कोळशाच्या डब्यात जाते. हा कोळसा साधा नसतो. तो खास प्रक्रिया करून सच्छिद्र केलेला असतो. स्पंज पाणी धरतो तसा हा वाफ धरून ठेवतो. गॅरेजमध्ये या डब्याला कॅनिस्टर म्हणतात. काही गाड्यांत तो बॉनेटखाली असतो, काहींत मागे टाकीजवळ. डब्याला बाहेरची हवा घेण्यासाठी एक तोंड असते. डब्यातून दुसरी नळी इंजिनाकडे जाते आणि तिच्यावर विजेवर चालणारी एक छोटी झडप असते. तिला पर्ज व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिन तापून गाडी धावू लागली की ही झडप थोडी थोडी उघडते, इंजिन डब्यातली वाफ ओढून घेते आणि ती जाळते. कोळसा मोकळा होतो आणि पुन्हा वाफ धरायला तयार राहतो. इंजिन बंद असताना झडप मिटलेली असते.

म्हणजे टाकी, डबा, झडप आणि इंजिन, अशी ही वाट. आपल्या पाटाच्या पाण्यासारखीच. पाट कुठे फुटला, कुठे तुंबला किंवा दारे उघडलेच नाही, हे पाटाने चालत जाऊन पाहावे लागते. नुसते शेतात पाणी आले नाही म्हणून मोटार बदलून चालत नाही.

दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही

इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा म्हणजे पिवळे पान. काहीतरी बिघडले एवढेच तो सांगतो. रोगाचे नाव सांगत नाही. नाव गाडीच्या छोट्या संगणकात सांकेतिक अंकात लिहिलेले असते. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात यंत्र लावून गॅरेजवाला तो अंक वाचतो. वाफेच्या व्यवस्थेचे अंक बहुधा पी ०४४० ते पी ०४५९ या घरात येतात. पी ०४४१ म्हणजे झडपेतून वाफ हवी तशी जात नाही. पी ०४४३ ते ०४४५ म्हणजे झडपेच्या वायरीत किंवा कॉइलमध्ये दोष. पी ०४४२ म्हणजे लहान गळती, पी ०४५५ म्हणजे मोठी गळती आणि पी ०४५७ म्हणजे टाकीचे झाकण सैल असल्याची शंका.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मोबाइलवर या विषयाची जी माहिती फिरते ती बहुतेक अमेरिकेतील गाड्यांची असते. तिथे १९९६ सालापासूनच्या गाड्यांना टाकीच्या व्यवस्थेत साधारण एक मिलिमीटरचे छिद्र पडले तरी ते शोधून दिवा लावण्याचे बंधन आले. त्यामुळे तिथे झाकण सैल राहिले तरी दिवा लागतो. आपल्याकडचे नियम युरोपच्या धर्तीवर झाले. एप्रिल २०१० मध्ये पुणे आणि सोलापूर धरून तेरा शहरांत भारत स्टेज चार आले, एप्रिल २०१७ मध्ये ते देशभर लागू झाले. गाडीने स्वतःचा दोष स्वतः ओळखण्याची सोय २०१० पासून आणि अधिक कडक रूपात २०१३ पासून आली. पण या नियमांत छिद्र शोधण्याची सक्ती नव्हती. झडपेची वायर तुटली तर आपली जुनी गाडी दिवा लावते, पण टाकीवरची नळी तडकली तर बहुधा गप्प राहते.

तेव्हा दिवा लागला म्हणजे गळतीच आहे असे नाही. आणि दिवा नाही म्हणजे गळती नाही, असे तर मुळीच नाही.

पीयूसीचा दाखलाही इथे उपयोगी नाही. त्यात सायलेन्सरमधून बाहेर पडणारा धूर तपासतात, टाकीची वाफ नाही. वाफेची चाचणी नवी गाडी बाजारात येण्यापूर्वी होते. गाडी हवाबंद खोलीत ठेवून तिची वाफ मोजतात आणि ती २ ग्रॅमच्या आत असावी लागते. पुण्यातल्या एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत अशा तपासण्या होतात. पण एकदा गाडी तुमच्या अंगणात आली की तिची वाफ कोणी मोजत नाही. मोजायला तुमचे नाकच.

आधी विचारा, मग उघडा

मी वहिनींना विचारले, वास कधी जास्त येतो? त्या लगेच म्हणाल्या, "हे बारामतीहून टाकी भरून आणतात त्या रात्री जास्त. टाकी अर्धी झाली की कमी. आणि मागच्या चाकापाशी येतो, पुढे नाही."

इतके स्वच्छ उत्तर मला कित्येकदा शेतकी शाळेतही मिळालेले नाही. टाकी भरल्यावर आणि मागच्या बाजूला, म्हणजे दोष टाकीच्या वरच्या भागात, झाकणात किंवा तिथल्या नळीत असण्याचा संभव.

मग स्नेह्यांना विचारले, दिवा लागला त्याच्या आधी काय झाले होते? ते आठवून म्हणाले, गाडी लग्नसराईच्या आधी महिनाभर उभी होती, शेजारी मक्याची पोती होती. पोती म्हटले की उंदीर आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी घेऊन बारामतीला एका जाणत्या मेकॅनिककडे गेलो. अंक निघाला पी ०४४४, म्हणजे झडपेची वायर कुठेतरी तुटलेली. बॉनेटखाली पाहिले तर झडपेकडे जाणारी वायर उंदराने कुरतडलेली होती. सेन्सर दोन्ही वेळा धडधाकट होते. वायर जोडली, वर आवरण घातले, अंक पुसला. खर्च दोनशे रुपये.

इथे कारणांची साखळीही कळली. वायर तुटल्यामुळे झडप तीन महिने मिटलेलीच राहिली. इंजिनाने वाफ ओढलीच नाही. डब्यातला कोळसा तुडुंब भरला आणि उरलेली वाफ डब्याच्या हवेच्या तोंडातून बाहेर पडू लागली. उंदराने कुरतडली पुढची वायर आणि वास सुटला मागे.

स्नेही खूश झाले. आठवड्याने मी फोन केला तर म्हणाले, "दिवा गेला साहेब, काम झालं." मागून वहिनींचा आवाज आला, "वास अजून आहे म्हणावं. कमी झालाय, पण टाकी भरली की येतोच."

स्नेही म्हणाले, "आता दिवाच नाही तर काय असणार?"

मी म्हटले, "दादा, वहिनींचं ऐका. दिव्याला जे कळतं ते त्यानं सांगितलं. हे त्याला कळत नाही."

गाडी पुन्हा नेली, या वेळी वर उचलून पाहिली. पेट्रोल भरण्याच्या तोंडापासून टाकीकडे येणारी एक रबरी नळी चिमट्यापाशी तडकलेली होती. वाकवली की भेग उघडायची. टाकी काठोकाठ भरली की पेट्रोल तिथवर चढायचे. नळी आणि चिमटा बदलला, झाकणाचे रबरही कडक झाले होते तेही बदलले. त्यानंतर वास गेला. बंबाची जागा तर वहिनींनी पहिल्याच दिवशी बदलली होती.

घरच्या घरी काय पाहावे

गाडी मोकळ्यावर, थंड आणि बंद असताना पाहा. उजेडाला विजेरी घ्या, काडी किंवा कंदील नको. जवळ विडी नको.

पहिले, झाकण. त्याच्या रबरी कड्याला चीर आहे का, धूळ बसली आहे का पाहा. फडक्याने पुसून आवाज होईपर्यंत फिरवा. झाकण गाडीच्या मापाचेच हवे.

दुसरे, वास कुठे येतो ते. मागच्या बाजूला आणि टाकी भरल्यावर येत असेल तर झाकण, भरण्याची नळी, टाकीवरच्या नळ्या. बॉनेटखाली येत असेल किंवा गाडीखाली ओला थेंब दिसत असेल तर ती वाफ नव्हे, पेट्रोलच गळते आहे. अशी गाडी सुरूच करू नका. मेकॅनिकला घरी बोलवा.

तिसरे, गाडीचे वागणे. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देते, सुरू झाली तरी थरथरते, मग सुधारते, असे असेल तर झडप उघडी अडकल्याचा संशय घ्या. झाकण उघडताना थोडा फुसकारा येणे साधी गोष्ट आहे. पण दर वेळी जोराचा फुसकारा येत असेल तर वाफेची वाट तुंबली असावी. आपल्या मातीच्या रस्त्यांवर डब्याचे हवेचे तोंड धुळीने किंवा कोळ्याच्या जाळ्याने बुजू शकते.

चौथे, मेकॅनिककडे गेल्यावर अंक कागदावर लिहून मागा. काहीही बदलण्यापूर्वी "हा भाग बिघडला हे कशावरून?" असे विचारा. झडप तपासणे अवघड नाही. वीज नसताना तिच्यातून फुंकर जाऊ नये, वीज दिली की टक् आवाज होऊन जावी. गळती सापडत नसेल तर मोठ्या गॅरेजमध्ये अगदी कमी दाबाने धूर सोडून पाहण्याचे यंत्र असते. जिथून धूर निघाला तिथे भेग. पण पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा टाकीत कधीही मारू देऊ नका. टाकी फुगेल, आणि एक ठिणगी पुरेल.

काय करू नये

दिव्यावर चिकटपट्टी लावू नका. बॅटरीची तार काढून लावली की दिवा जातो, पण तो रोग्याचा ताप पुसून टाकण्याचा प्रकार. काही दिवसांत दिवा परत येतो आणि मधल्या काळात लिहिलेला अंक मात्र पुसला जातो. दुरुस्ती खरी झाली असेल तर काही फेऱ्यांनी दिवा आपोआप विझतो.

पंपावर नोझल एकदा टक् करून थांबले की पुरे. "अजून पन्नासचं टाक, हिशेब सरळ होईल" असे म्हणू नका. वरचे पेट्रोल वाफेच्या नळीतून कोळशाच्या डब्यात उतरते. ओल्या पेट्रोलने भिजलेला कोळसा खराब होतो आणि डबा स्वस्त नाही.

नळी बदलताना पाण्याची किंवा फवारणी पंपाची नळी लावू नका. पेट्रोलसाठी केलेलीच घ्या. याला आता आणखी एक कारण आहे. आपल्याच उसाच्या मळीपासून आणि रसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २००१ साली याचे जे पहिले प्रयोग झाले त्यात आपले मिरज आणि मनमाड होते. जून २०२२ मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे रबर या मिश्रणाला टिकेल असे बनवलेले असते. त्याआधीच्या काही गाड्यांत दीर्घ वापरानंतर काही रबरी भाग बदलावे लागू शकतात, असे केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये सांगितले. इथेनॉलने आपल्या उसाला गिऱ्हाईक मिळाले ही चांगलीच गोष्ट. पण दहा-पंधरा वर्षांच्या गाडीच्या नळ्या वर्षातून एकदा हाताने वाकवून पाहायला हव्यात.

आणि दिव्यांतला फरक ओळखा. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. तो लुकलुकत असेल तर वेग कमी करून थांबा, इंजिन नीट जळत नाही. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर तिथेच थांबा. आणि पेट्रोलचा वास येत असेल तर दिवा असो वा नसो, गाडी आधी विस्तवापासून दूर.

बंधूंनो, शेवटी एकच सांगतो. लोणी भापकरच्या त्या घरात दुखणे सगळ्यात आधी ओळखले होते ते वहिनींनी. त्यांना अंक माहीत नव्हता, झडप माहीत नव्हती. पण रोज बंब पेटवायला त्याच बसत होत्या, आणि भडका उडाला असता तर तोही त्यांच्याच अंगावर. आपण त्या वासाला तीन महिने "गाडी आहे, यायचाच" म्हणत राहिलो. घरातले कोणी "काहीतरी वेगळं वाटतंय" म्हणाले, तर तेही एक पिवळे पानच समजा. हातात घ्या, उलटून पाहा, कधीपासून ते विचारा. औषध त्यानंतर.

आज संध्याकाळी गाडी लावली की पाच मिनिटे थांबा. मागच्या चाकापाशी खाली वाकून वास घ्या. मग गाडी आणि बंब, चूल किंवा गोठ्यातली धुरी यांत किती हात अंतर आहे ते मोजा. कमी वाटले तर गाडी आजच हलवा. त्याला मेकॅनिक लागत नाही.

तुमच्या उसाचा केवडा गेला की नाही, तेही कळवा.